खूर दाखव, खूर!

एक होती पिसोरी. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. नाव तिचं ठिपकी.

ठिपकीला आवळा सापडला. अख्ख्या रानातला पहिला! ती तोंड लावणार, तोच तो घरंगळला. गुडगुड गुडगुड, थेट म्हैसमावशीच्या खुरात. मधल्या फटीत, गच्च! आणि मावशी खाली बसली, फतकल मारून.

ठिपकीला रडूच आलं. "मावशी, मावशी, पाय उचल ना!"

त्या रानात एक रीत होती. आधी खूर बघायचा, मग बोलायचं. खूर अख्खा, तर घोड्याकडचा पाहुणा. खुराचे भाग दोन, तर आपल्या घरचा!

"खूर दाखव, खूर!" मावशी म्हणाली.

ठिपकीने पाय उचलला. इवलासा खूर. मध्ये फट, भाग दोन.

"अगंबाई, आमचीच की तू! पण मी रवंथ करतेय. आणि माझ्या डबक्यात डुक्कर लोळतंय. ते उठलं की मी उठेन."

ठिपकी निघाली. टिपिक टिपिक, टिपिक टिपिक.

"डुक्करकाका, डबक्यातून उठ ना!
म्हैस पाय उचलेना,
माझा आवळा मला मिळेना!"

"खूर दाखव, खूर!"

मध्ये फट, भाग दोन.

"आमचीच की तू! मी रवंथ करत नाही हं, पण खूर बघ, तस्साच! मला उंबरं हवीत. सांबराने फांदी हलवली की मी उठेन."

टिपिक टिपिक, टिपिक टिपिक.

"सांबरदादा, फांदी हलव ना!
डुक्कर उठेना,
म्हैस पाय उचलेना,
माझा आवळा मला मिळेना!"

"खूर दाखव, खूर!"

मध्ये फट, भाग दोन.

"आमचीच की तू! पण माझ्या शिंगांत वेल अडकलीय. चौशिंग्याने ती खाल्ली की हलवीन."

टिपिक टिपिक, टिपिक टिपिक.

"चौशिंगादादा, वेल खा ना!
सांबर फांदी हलवेना,
डुक्कर उठेना,
म्हैस पाय उचलेना,
माझा आवळा मला मिळेना!"

"खूर दाखव, खूर!"

मध्ये फट, भाग दोन.

"आमचीच की तू! माझी शिंगं मोज, चार आहेत चार! पण कानात गोचीड चावतेय गं. ती निघाली की खाईन."

ठिपकीने कानाला खूर लावला. गोचीड हलेना.

"खुराने कधी चिमटीत धरता येतं होय?" चौशिंगा कण्हला.

फांदीवर मैना बसली होती.

"मैनाताई, गोचीड काढ ना!
चौशिंगा वेल खाईना,
सांबर फांदी हलवेना,
डुक्कर उठेना,
म्हैस पाय उचलेना,
माझा आवळा मला मिळेना!"

ठिपकीने आपणहून पाय पुढे केला.

"खूर कशाला?" मैना हसली. "मला कुठे आहे खूर? कान कुठला ते सांग!"

चट्! मैनेने गोचीड मटकावली.

चौशिंग्याने वेल खाल्ली. सांबराने फांदी हलवली. उंबरं पडली, टपटप टपटप! डुक्कर उठलं. म्हैस उठली. म्हशीने पाय झाडला आणि आवळा पडला, टुप्प!

"हा होता होय!" मावशी ओरडली. "मघापासून टोचतोय मेला!"

"मावशी," ठिपकी म्हणाली, "सगळ्यांचा खूर बघतेस. स्वतःचा कधी बघतेस?"

मावशी चघळायचीच थांबली.

आवळा जरा चेपला होता. असू दे! कुरुम कुरुम, आंबट आंबट, ठिपकीने खाऊन टाकला.

आवळा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.

आता तू पाय दाखव बघू! खूर नाही? बोटं किती? पाच?

अगंबाई, आमचंच की तू!