ठकूआजीचं लिंबू

"आणि हे कशात घालायचं, बुवा?"

मल्हारीने तळहात पुढे केला. तळहातावर एक लिंबू होतं. लहानसं, एका अंगाने पिवळं, दुसऱ्या अंगाने अजून हिरवं.

सोमगिरबुवा मठाच्या ओसरीवर पाय सोडून उद्यासाठी कडुलिंबाची कोवळी पानं निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी दिलं?"

"ठकूआजीने."

"मग घाल."

"श्रीखंडात?"

बुवांनी दुसरी डहाळी उचलली. बुवांचं बोलणं संपलं की संपलं, हे मल्हारीला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. पण त्याचं आपलं कळतं पण वळत नाही. तो आणखी थोडा वेळ हात पुढे करून उभा राहिला.

"बुवा... लिंबू?"

बुवा पानं निवडत राहिले.

पाडव्याला त्या मठाची चूल पेटत नसे. बुवांच्या गुरूंनी घालून दिलेली रीत. 'वर्षभर जळते बिचारी, सणाला तरी तिला निजू द्या,' असं ते म्हणायचे म्हणे. तेव्हा भाकऱ्या गावकऱ्यांनी आपापल्या घरून बांधून आणायच्या आणि गोड तेवढं मठाने करायचं, तेही विस्तवाशिवाय. म्हणून श्रीखंड.

आदल्या संध्याकाळी घरोघरचं दही मठात यायचं. कुणाचं म्हशीचं, घट्ट. कुणाचं शेळीचं, पातळ. कुणाचं इतकं आंबट की डोळा मिटावा. सगळं एकाच फडक्यात बांधून आढ्याला टांगायचं. दारी आलेलं परत पाठवायचं नाही आणि बाजूला ठेवायचं नाही, एवढाच काय तो नियम.

ठकूआजी गावाच्या टोकाला एकटी राहायची. यंदा तिची गाय आटली होती. मोकळ्या हाताने मठात कसं जायचं, म्हणून तिने दारच्या झाडाचं लिंबू तोडून आणलं.

"दही न्हाई रं बाळा औंदा," ती म्हणाली होती. "ह्येच घाल त्यात. माझंबी काही असू दे."

मल्हारीने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

आता सांगायला हवं की हा मल्हारी पेठेतल्या एका हलवायाचा मुलगा. दुकान, गल्ला, सगळं सोडून बुवांच्या मागे आला. पण हातातली कला काही दुकानात ठेवून येता येत नाही. पेढा वळावा तर त्यानेच. आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं.

यंदा त्याने मोठा घाट घातला होता. श्रीखंड पाच रंगांचं करायचं. चक्क्याचा पांढरा, केशराचा पिवळा, विड्याच्या पानांचा हिरवा, डाळिंबाचा लाल. आणि पाचवा निळा. श्रीखंडात निळा रंग गावात कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. त्यासाठी त्याने कुंपणावरच्या गोकर्णीला हिवाळ्यापासून कळशी-कळशी पाणी घातलं होतं. वेलीने पाण्याचं चीज केलं. फुलं थंड पाण्यात भिजत घातली तर पाणी असं निळं झालं, की मल्हारी ते वाटीत घेऊन कितीतरी वेळ नुसता बघत बसला.

हे सगळं कशासाठी? एका शब्दासाठी.

बुवांनी त्याला कधी 'छान' म्हटलं नव्हतं. बुवा, अंगण कसं झाडलंय? 'झाडलंयस.' बुवा, आज अभंग कसा झाला? 'झाला.' मठाच्या पायरीवर एक लंगडं कुत्रं येऊन बसायचं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत बुवा म्हणायचे, 'छान आहेस रे तू.' मल्हारीला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. लपवण्यात काय अर्थ आहे, वाटायचाच.

आणि अशा श्रीखंडात लिंबू पिळायचं? आंबट होईल, सैल पडेल. एवढ्या गावाच्या दह्यात एक लिंबू पडलं काय, न पडलं काय, कुणाला कळणार आहे?

त्याने ते तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवून दिलं.

पाडव्याच्या सकाळी अंगणात गुढी उभी राहिली. मल्हारीने चक्का साखर घालून फेटला, फडक्यावर घासून घासून मऊ केला, रंग कालवले. मग मोठ्या लाकडी काथवटीत कमळ मांडलं. पाकळ्या पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या, लाल. मधोमध निळं तळं.

त्याचं त्यालाच भरून आलं. काथवट दोन्ही हातांत धरून तो बुवांपुढे आला.

"बुवा, नैवेद्याआधी बघा तरी."

बुवांनी बघितलं.

"कसं झालंय?"

बुवा काथवटीकडे बघतच होते.

"सगळ्यांचं पडलं यात?"

"हो, म्हणजे..." मल्हारीची नजर कोनाड्याकडे गेली. "एक लिंबू तेवढं राहिलंय."

"कुठंय?"

त्याने काथवट खाली ठेवली आणि कोनाड्यातून लिंबू आणून दिलं. बुवांनी ते हातात फिरवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला. मग मल्हारीचा हात ओढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

रागावले असते तर बरं झालं असतं.

"बुवा, एका लिंबाने सगळं बिघडेल हो."

बुवांनी पंचा खांद्यावर टाकला.

"एवढी मेहनत केलीय मी."

"केलीयस," बुवा म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले.

माणसं जमू लागली. नवे सदरे, नऊवाऱ्या, हातात भाकरीची फडकी. काथवटीभोवती ही गर्दी झाली. 'अगं बया, निळं!' म्हणून कुणी तोंडावर हात ठेवला. 'मल्हारी, हे खायचं का पूजायचं रे?' म्हणून कुणी चेष्टा केली. कालपर्यंत मल्हारी असल्या बोलण्याने फुलून गेला असता. आज त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली होती आणि मुठीतलं लिंबू घामाने ओलं झालं होतं.

काठी टेकत ठकूआजी आली. धुऊन विरलेलं लुगडं, पण पदर नीट डोक्यावर. लोकांनी तिला पुढे जागा दिली. ती काथवटीवर वाकली. एकेक पाकळी निरखून पाहू लागली, लग्नाच्या गर्दीत आपलं माणूस शोधावं तशी.

"लई सुरेख झालंय रं," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "माझं लिंबू कंच्या रंगात पडलंय?"

आता बघा, उत्तर सोपं होतं. सगळ्यात पडलंय आजी, विरघळून गेलं. कुणी पारखायला येणार नव्हतं. म्हातारी समाधानाने जेवली असती, कमळ शाबूत राहिलं असतं. शब्द मल्हारीच्या अगदी जिभेवर आले होते.

त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा खांबाला टेकून बसले होते, डोळे मिटून.

त्याने पुन्हा आजीकडे पाहिलं. ती अजून वाकलेलीच होती. विचारताना तिचा चेहरा इतका हौशी झाला होता, की मल्हारीला स्वतःची लाज वाटली. खरोखर लाज वाटली.

"पडलं नाही, आजी," तो म्हणाला. "मीच बाजूला ठेवलं होतं."

आजी हळूहळू सरळ झाली.

"असू दे रं," ती म्हणाली. "लहानच हुतं त्ये."

"नाही, आजी." मल्हारीने मूठ उघडली. "तुझ्यासाठी थांबलंय सगळं. तूच पीळ."

त्याने सुरी आणून लिंबू चिरलं. आजीची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. तिने फोड धरली, पण दाबता येईना. मल्हारीने तिच्या हाताभोवती आपला हात धरला आणि दोघांनी मिळून फोड पिळली. कुठे पिळावं हे बघायचं त्याला भान राहिलं नाही. रस पडला तो नेमका निळ्या तळ्यात. दोन बियाही पडल्या.

निळ्याच्या मधोमध एक जांभळा ठिपका उमटला.

मल्हारी काथवटीवर वाकला.

ठिपका पसरू लागला. आजीने घाबरून हात मागे घेतला. "आरं द्येवा, नासलं का रं?"

हिवाळ्यापासूनचं पाणी, ती फुलं, तो निळा रंग. मल्हारीच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. पण आजी मागे घेतलेला हात पदराआड लपवत होती.

त्याने लाकडी चमचा उचलून तिच्या हातात दिला.

"नासलं नाही गं. ढवळ तू, काही होत नाही."

ती ढवळू लागली. चमचा फिरेल तसा निळा मागे हटत गेला आणि जांभळा पुढे येत गेला. तळं सगळं जांभळं झालं. पिकल्या जांभळाचा रस दुधात पडावा तसा रंग. काठाकाठाने तो लाल पाकळीत घुसला, पिवळीत घुसला. कमळ काही कमळ उरलं नाही.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"ह्ये... ह्ये मी केलं?" आजीने विचारलं.

"तूच केलंस," मल्हारी म्हणाला. आणि त्याला हसू फुटलं, अगदी पोटातून.

"बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. "हलवायाच्या पोराला जमलं नाही ते ठकूबाईला जमलं!"

सगळं अंगण हसलं. ठकूआजी तर पदराने तोंड झाकून नव्या नवरीसारखी लाजली. ज्याला त्याला सांगत सुटली, "माझ्या दारचं लिंबू हाय ह्ये. दारचं!"

नैवेद्य झाला. कडुलिंबाची पानं वाटली, पंगत बसली. सगळ्यांना आधी जांभळंच हवं होतं. मल्हारी वाढता वाढता घामाघूम झाला. ठकूआजीच्या द्रोणात त्याने दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा तिने दामटून नको म्हटलं तरी वाढलं. त्याला स्वतःला जेमतेम काथवट पुसून खाण्यापुरतं उरलं. आंबटगोड झालं होतं. सैलही पडलं होतं.

पंगत उठली. लोक आपापल्या घरी गेले. बुवा अजून पानावर बसले होते. लंगडं कुत्रं पायरीवर येऊन त्यांच्याकडे आशेने बघत होतं.

मल्हारी पत्रावळी उचलत उचलत बुवांपाशी आला.

बुवांनी द्रोणातलं शेवटचं बोट चाटलं. दाताखाली काहीतरी आलं. त्यांनी ते काढून बघितलं. लिंबाची बी होती.

"मल्हारी..."

"जी."

"पुन्हा विचारलं नाहीस."

"काय, बुवा?"

"रोज विचारतोस ते."

मल्हारी पत्रावळींचा ढीग हातात धरून आठवू लागला. कपाळाला आठ्या पडल्या. समोर ठकूआजीचा तो लाजलेला चेहराच येत राहिला.

"विसरलो, बुवा."

बुवांनी ती बी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं त्यावर मिटली.

"मग छान झालंय."