ब्रिजितची माळ

वसईच्या कॅथलिक घरातली ब्रिजित लग्न होऊन नगरच्या प्रॉटेस्टंट साळव्यांकडे निघाली, तेव्हा आईनं ख्रिस्तमाता मरियेच्या जपाची आपली रोजरीची माळ तिच्या गळ्यात घातली. सासरे रेव्हरंड यादवराव साळवे. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी मंडळी चिडीचूप व्हायची. खाडी ओलांडताना होडीतच त्यांची नजर माळेवर पडली.

"सूनबाई, देवाकडे वशिला लागत नाही. मरियेला कशाला आळवायचं? थेट देवाशी बोलावं! ती माळ पाण्यात टाका, नाहीतर याच होडीनं माहेरी परत जा."

नवरा मान खाली घालून बसलेला. ब्रिजितनं माळ गळ्यातून काढली, तोच वारा फिरला. शीड टर्रकन फाटलं, होडी कलंडली आणि पाणी आत घुसलं. ब्रिजितनं डोळे घट्ट मिटले. माळ मुठीत धरून ती 'नमो मरिये' ही जपाची प्रार्थना म्हणू लागली. तेवढ्यात शेजारून सासऱ्यांचा रडवेला आवाज आला, "सूनबाई, माझ्यासाठी प्रार्थना करा हो!"

होडी कशीबशी काठाला लागली. रेव्हरंड खाकरले. "माळ टाकायची राहिली."

ब्रिजितनं माळेची मूठ पाण्यावर धरली. "टाकते, मामंजी. पण बुडताना तुम्ही सुनेचा वशिला लावलात, मी ख्रिस्ताच्या आईचा लावला. मग चुकलं कुणाचं?"

रेव्हरंडांनी तिचा हात पाण्यावरून मागे ओढला.

"माळ भिजलीय," ते पुटपुटले. "पुसून गळ्यात घाला."