छप्पर आणि फणस

गाड्यांशी माणसं मोकळेपणाने बोलत, तेव्हाची ही गोष्ट. वासंतीकाकूंच्या चिमुकल्या दोन सीटच्या गाडीचं छप्पर बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाई. "वारा तुम्ही खायचा आणि मी अंधारात!" असं ते कुरकुरे.

एकदा गुहागरहून निघताना जाऊबाईंनी भलामोठा फणस दिला. नाही म्हणायची सोयच नव्हती. फणसाने डिकी भरली आणि छप्पर वरच राहिलं.

"आता मीही घाट बघणार!" छप्पर खूश झालं. पण एरवी घाटात गाणाऱ्या काकू आज मुकाट होत्या.

"काकू, गात का नाही?"

"आभाळ दिसल्याशिवाय मला गाणं सुचत नाही रे."

छप्पर मग म्हणालं, "फणसाला शेजारच्या सीटवर घ्या. मी जातो डिकीत. गाणं तिथेही ऐकू येतं."