पांढऱ्या थाळीतले पाणी

“का थांबवलंत, बाबा?”

भिवसनच्या हातात कापसाचा ओला बोळा होता. थेंब सुटायच्या बेतात होता. आणि सोमगिरीबाबांनी त्याचे मनगट धरून ठेवले होते.

समोर भिवसनची धाकटी बहीण वेणू बसली होती. मान मागे टाकून, डोळे मिटून. तिला सातवा महिना होता. तिचा चेहरा, गळा, हाताची नखेसुद्धा पिवळी दिसत होती.

बाबा वेणूच्या नखांकडे बघत होते.

“तुम्हीच म्हणालात ना, आजपासून थेंब तू टाक म्हणून? हा माझ्या हातचा पहिला थेंब. तोही बहिणीला. मग हात का धरलात?”

“बोळा खाली ठेव.”

भिवसनने बोळा खाली ठेवला. पण मान खाली घातली नाही.

बागलाणातल्या त्या डोंगरावर बाबांचा मठ होता. दर रविवारी उजाडताना तिथे काविळीचे लोक येत. एका कडू रानफळाचे पाणी बाबा त्यांच्या नाकात टाकत. मग रोग्याने पांढऱ्या इनॅमलच्या थाळीवर वाकून बसायचे. नाकाला आग लागायची, डोळ्यांतून पाणी यायचे आणि थोड्या वेळाने नाकातून पिवळेजर्द पाणी थाळीत ठिबकू लागायचे. ती थाळी सगळ्या रांगेतून फिरवली जाई. ‘कावीळ गळाली’ म्हणून लोक हात जोडत. मग ते पाणी मठामागच्या खडकावर ओतायचे आणि मागे वळून न बघता डोंगर उतरायचा, अशी रीत होती.

भिवसन मिसरूड फुटायच्या आधी मठात आला, तो तिथेच राहिला. कोणती वेल कुठल्या कड्याला आहे, कोणत्या झाडाची साल कधी काढायची, हे त्याला विचारावे. लोक आताशा त्याला ‘छोटे बाबा’ म्हणत. तो नको नको म्हणायचा, पण त्याला ते आवडायचे.

वेणूची सासू गोजरबाई पुढे सरकल्या.

“महाराज, पोरगी काल रात्रीपासून उपाशी ठेवलीय. तुमच्या पथ्याप्रमाणं. आता टाका की लवकर.”

बाबा वेणूच्या समोर बसले.

“वेणू…”

तिने डोळे उघडले नाहीत.

“वेणू, पोरी, तुझ्याबरोबर कोण आलंय?”

बऱ्याच वेळाने ती बोलली.

“आई… आई चुलीपाशी आहे.”

भिवसन आणि वेणूची आई जाऊन कितीतरी वर्षे झाली होती.

भिवसन हसला. “झोपेत आहे ती, बाबा. रात्रभर जागी होती.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी गोजरबाईंकडे पाहिले.

“दिवसा झोपते?”

“झोपते.”

“रात्री बडबडते?”

“हो हो.”

“पोटात काही टिकत नाही? दात घासले की रक्त येतं?”

गोजरबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. रांगेकडे वळून म्हणाल्या, “बघा! न सांगता सगळं कळतं बाबांना!”

“कळलं नाही, बाई,” बाबा म्हणाले. “विचारलं.”

मग ते उठले.

“हिला खाली न्या. गावातली जीप सांगा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. आत्ता.”

रांगेत कुजबुज झाली. सोमगिरीबाबांनी कुणाला दवाखान्यात जा म्हटल्याचे कुणी ऐकले नव्हते. निदान रविवारी, रांगेसमोर, नाही.

“दवाखान्यात?” गोजरबाईंचा आवाज चढला. “नको गं बाई! माझ्या जावेची सून नेली होती अशीच. बाळंतपणाआधी. परत आली ती चादरीत गुंडाळून.”

“कधी नेली होती?”

“कधी म्हणजे?”

“चालत गेली होती?”

गोजरबाई हळूच म्हणाल्या, “नाही… शुद्ध गेल्यावर नेली.”

बाबांनी मान हलवली.

“इथं का आणली हिला?” त्यांनी विचारले.

“तुमच्यावर भरवसा म्हणून. माझा खोकला नाही का तुमच्या अडुळशानं गेला?”

“गेला. पण तुम्हाला ताप नव्हता. थुंकीत रक्त नव्हतं. आधी बघितलं, मग दिला. रक्त असतं तर तुम्हालाही जीपच सांगितली असती.”

आता भिवसनला राहवेना. तो बाबांच्या कानाशी आला, पण त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“बाबा, माझी बहीण आहे. मठात राहून मी एवढं शिकलो आणि तिलाच दवाखान्यात पाठवू? लोक काय म्हणतील? हे थेंब हिला चालत नाहीत, तर मग कुणाला चालतात?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिले.

“थाळी आण,” ते म्हणाले.

भिवसनचा चेहरा खुलला. त्याने धावत थाळी आणली आणि वेणूसमोर ठेवली.

बाबांनी थाळी उचलली. आपल्यासमोर ठेवली. मांडी घालून बसले आणि मान मागे टाकली.

“टाक.”

“…कुणाला?”

“मला टाक.”

“बाबा, तुम्हाला कावीळ कुठं आहे?”

“माझे डोळे बघ आधी. पिवळे आहेत?”

भिवसनने वाकून पाहिले. म्हाताऱ्या माणसाचे डोळे होते ते. थोडे लाल, थोडे धुरकट. पिवळे नव्हते.

“नाहीत.”

“मग टाक.”

भिवसनने बोळा उचलला, पण पिळला नाही. हे पाणी किती झोंबते ते त्याला ठाऊक होते. चांगले धट्टेकट्टे गडी त्या थेंबांनी ओरडायचे. आणि बाबांचे वय झाले होते. त्याने एक थेंब टाकला. मग दुसऱ्या नाकपुडीत एक.

बाबांनी दात आवळले. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. मग ते थाळीवर वाकले.

रांगेतले लोक पुढे आले. कुणी उभे, कुणी गुडघ्यावर. वाऱ्याने मठाचे निशाण फडफडत होते, तेवढाच आवाज होता.

पहिला थेंब थाळीत पडला.

पिवळा.

मग दुसरा. मग धार लागली. पांढऱ्या थाळीत पिवळेजर्द पाणी पसरत गेले, दर रविवारी पसरायचे तसेच.

“अगं बाई!” गोजरबाईंनी तोंडावर पदर घेतला. “बाबांनाच कावीळ झालीय!”

मागे कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

बाबांनी वर पाहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, नाक गळत होते, आणि ते हसत होते.

“भिवसन, आता तू बस.”

भिवसन बसला. त्याला नाही म्हणता आले नाही. बाबांनी स्वतः बोळा धरला. थेंब आत गेला तेव्हा भिवसनला वाटले, कुणी डोक्यात निखारा ठेवला. तो थाळीवर वाकला. डोळ्यांपुढे काही दिसेना. मग दिसू लागले तेव्हा त्याने पाहिले, की त्याचे पाणी बाबांच्या पाण्यात मिसळत होते. रंग एकच होता. कुणाचे कोणते, हे सांगता येत नव्हते.

तो बघतच राहिला.

ज्या थाळीपुढे त्याने इतक्या लोकांना हात जोडताना पाहिले होते, ती ही थाळी. ज्या माणसाच्या नावाने लोक एवढा डोंगर चढून येत, तो हा माणूस. आणि त्याने सगळ्यांच्या देखत आपले नाव त्या थाळीत सोडून दिले होते. कपाळावर आठी नव्हती. कुणी जुने धोतर सोडून बाजूला ठेवावे, तसे.

भिवसनच्या अंगावर काटा आला. तो काटा थेंबांचा नव्हता.

“गोजरबाई, तुम्ही बसता?” बाबांनी विचारले.

गोजरबाईंनी दोन्ही हातांनी नाक धरले. “नको नको! कळलं मला!”

“काय कळलं?”

“…हे औषध नाही.”

“ते मला माहीत नाही. नाकाला झोंबलं, नाक रडलं. एवढंच आज आपण बघितलं.”

मग बाबांनी वेणूकडे बोट केले. ती बसल्या जागी कलंडली होती.

गोजरबाई उठल्या. अंगावरची घोंगडी काढली, जमिनीवर पसरली आणि चारी टोकांना गाठी मारू लागल्या. रांगेतले दोन गडी बांबू घेऊन आले. एक जण जीप सांगायला पुढे धावत गेला.

झोळी बांधून होईपर्यंत भिवसन बाबांच्या शेजारी बसून होता. नाक अजून गळत होते.

“बाबा…”

“हं.”

“मग आजवर एवढे लोक बरे झाले, ते कशानं?”

“थेंब टाकल्यावर आपण पथ्य काय सांगतो?”

“दारू नाही. तेलकट नाही. उकळलेलं पाणी. भाताची पेज. आणि महिनाभर जड काम नाही, पडून राहायचं.”

“नुसतं तोंडानं सांगितलं असतं, तर कुणी पाळलं असतं?”

भिवसनने विचार केला. डोंगराखालची माणसे त्याला ठाऊक होती. पेरणीच्या दिवसांत पडून राहा म्हटले, तर हसली असती.

“नसतं पाळलं.”

“थाळीत पिवळं पाणी बघितलं की पाळतात.”

“म्हणजे थेंब खोटे?”

“मी तसं म्हणालो नाही.”

“मग खरे?”

“तसंही म्हणालो नाही.”

भिवसनने थाळीतल्या पाण्याकडे पाहिले.

“पण बाबा, बरे झालेले सगळे येतात की. नारळ घेऊन येतात. पाया पडतात. आजवर एकही माणूस बरा झालो नाही म्हणून आला नाही.”

बाबा पायवाटेकडे बघत होते. रात्रीच्या दवाने ती अजून ओली होती.

“नाही आला,” ते म्हणाले. “जो बरा होत नाही… तो एवढा डोंगर कसा चढेल?”

वारा पडला होता. निशाण खाली लोंबत होते.

भिवसनने ती वाट लहानपणापासून पाहिली होती. वर येणारे लोक पाहिले होते. आज पहिल्यांदा त्याला त्याच वाटेवर न आलेले लोक दिसले. ते किती होते, हे कुणाला विचारावे, ते त्याला कळेना. त्याने बाबांचे पाय धरले. बाबांनी ते मागे घेतले.

“हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

बाबांनी पंच्याने नाक पुसले.

झोळी उचलली गेली. आत वेणू कण्हली आणि पोटावर हात ठेवून तशीच राहिली. पोट हलले. गोजरबाईंनी ते पाहिले.

“जिवंत आहे गं माय!” त्या म्हणाल्या. “चला रे, पाय उचला! मेंढरं हाकताय का?”

गडी निघाले. खालून जीपचा हॉर्न ऐकू आला. गोजरबाई झोळीला हात लावून उतरू लागल्या. मागे वळून बघू नये ही रीत त्यांच्या ध्यानात राहिली नाही. त्या दर चार पावलांवर वळून बघत होत्या, भिवसन येतो की नाही ते.

भिवसन उठला. दोन पावले गेला. थांबला.

रांग अजून तशीच होती. कुणी उठून गेले नव्हते. एक पागोटेवाला म्हातारा पुढे आला. त्याचे डोळे हळदीसारखे होते.

“बाबा, आमचं काय? आम्हाला तरी टाका.”

“बसा,” बाबा म्हणाले. “आज थेंब नाहीत. आज एकेकाला विचारायचं आहे. कधीपासून, काय खाता, काय पिता, झोप कशी. ज्यांना खाली दवाखान्यात धाडायला हवं असेल, त्यांना तसं सांगू.”

“आणि ज्यांना नसेल?”

“त्यांना पेज सांगू.”

म्हातारा पागोटे सावरत बसला. फार खूश दिसला नाही, पण बसला.

भिवसन परत बाबांजवळ आला.

“बाबा, मी इथं थांबतो. एवढी माणसं तुम्ही एकटे कशी बघणार? विचारायचं काम मी करतो. आता मला कळलं काय विचारायचं ते.”

बाबांनी खाली, जीपच्या दिशेने बोट केले.

“आणि तिथं जाऊन मी काय करू?” भिवसन पुढे म्हणाला. “तिथल्या बाटल्या, सुया, तिथलं बोलणं… ते काय देतात, का देतात… इथं मला लोक विचारतात. तिथं मी नुसता भिंतीला टेकून उभा राहणार. कुणी काही सांगितलं, तर समजणार नाही. मला तिथलं काहीच कळत नाही, बाबा.”

खाली जीप पुन्हा वाजली.

सोमगिरीबाबांनी थाळी उचलून खडकावर पाणी ओतले. मग रिकामी थाळी पालथी ठेवली आणि म्हणाले,

“म्हणून तर तू जा.”