बारकूनं राखली नदीची मळी

एका गावात एक भोळा बारकू होता. भोळा म्हणजे किती? सांगाल तेवढंच करायचा, आणि तेही भलत्याच ठिकाणी!

गावच्या विहिरीचं पाणी नासलं होतं. पोरांना सारखे जुलाब. म्हणून सरपंच तानुआक्कांनी नदीकाठची आपली मळी, म्हणजे गाळाची जमीन, पुन्हा नदीलाच द्यायची ठरवली. बांध फोडला, दलदलीत लव्हाळं लावलं. पुराचं पाणी तिथं पसरणार, गाळ खाली बसणार, विहिरीत निवळ पाणी झिरपणार. मग तालुक्याचे साहेब येऊन बघणार. त्यांना पटलं तर मळी राहणार, नाहीतर पुन्हा बांध. आणि राखणीला बसवला कोण? बारकू!

"बारकू, मळीत कुणी शिरलं की काठी हाण."

"हाणतो आक्का."

दुसऱ्याच दिवशी पूर आला. बारकूनं पाण्याला बडव बडव बडवलं. ऐकेना, तेव्हा बांधाचं भगदाड चिखलानं बुजवून टाकलं.

आक्कांनी कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या, नदी माहेरवाशिणीसारखी येते. तिला या म्हणावं, हळदकुंकू वाहावं, नारळ द्यावा!"

"आता तस्संच करतो."

भगदाड मोकळं केलं. चार दिवसांनी नदीत डुंबून सोपान गवळ्याची म्हैस वर आली. बारकूनं तिला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला.

"या बाई, माहेर तुमचंच."

बाईंनी निम्मं लव्हाळं फस्त केलं.

आक्का रडकुंडीला आल्या. "अरे, पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे! लव्हाळ्यात तोंड घातलं रे घातलं की खुंट्याला बांधायचं. पेंड टाकायची, पाणी पाजायचं. अवघडायला नको म्हणून धार काढायची. मग मला बोलवायचं."

"एवढंच ना?"

पावसाळा सरला. लव्हाळं पुन्हा फुटलं. साहेब आले ते थेट मळीत. चष्मा सावरत लव्हाळ्यात वाकून बघायला लागले.

दुपारी साहेब आल्याचा निरोप मिळाला तशा आक्का धावत आल्या. बघतात तर काय, साहेब खुंट्याला! पुढ्यात पेंड, शेजारी रिकामी बादली.

"अगं बाई! साहेब!"

"बाई, पेंड मी खाल्ली नाही," साहेब म्हणाले. "पण उन्हात विहिरीचं पाणी बादलीभर प्यायलो. पोट ठणठणीत आहे. पाणी गोड झालंय तुमचं. मळी राहू द्या. फक्त मला सोडा."

आक्कांचे डोळेच भरून आले. "सोड रे बारकू, सोड साहेबांना!"

बारकू चरवी घेऊन साहेबांच्या शेजारी उकिडवा बसला होता. तो काही हलला नाही.

"जरा दम धरा आक्का. धार काढायची राहिलीय."