भद्रक तांडेलाची नाव

गंगेकाठच्या चंदनपूर नगरात वीरसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व तिथल्या एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला. राजाचा या कथेशी काही संबंध नाही, पण राजाशिवाय अशी कथा सुरू करायची रीत नाही. बोधिसत्त्वाच्या सात नावा होत्या. त्यांतली सर्वांत मोठी नाव भद्रक नावाचा तांडेल हाकीत असे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातला हा भद्रक.

नाव हाकण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माल नेहमी वेळेवर पोचे. पण माणूस काही टिकत नसे. तीन वर्षांत नऊ जण सोडून गेले आणि विचारावे तर प्रत्येकाचे उत्तर एकच, "गावी आई आजारी आहे, धनी." या एकाच नावेवरच्या माणसांच्या आया तेवढ्या आजारी कशा पडतात, म्हणून बोधिसत्त्व वैतागून गेला होता. पण माल पोचत होता, तेव्हा तो घरी बसूनच वैतागे.

शेवटी जत्रेला मीठ न्यायच्या वेळी तो स्वतः त्या नावेत चढला. नावेच्या टोकाशी सोमक उभा होता. बांबूने पाणी मोजायचे आणि किती हात आहे ते ओरडून सांगायचे, हे त्याचे बारा वर्षांचे काम. मागे सुकाणूवर बसून भद्रक दिवसभर त्याला सोलून काढी. "अरे ठोंब्या, पाणी मोजतोस की ताक घुसळतोस?" सगळे हसत, कारण जो हसणार नाही त्याची पाळी पुढची. सोमकाने पाणी उथळ सांगितले आणि नाव सुखरूप गेली, की त्याला सर्वांसमोर कान धरून उभे राहावे लागे. अरे, त्याने सांगितले म्हणून तर नाव वळली आणि सुखरूप गेली! पण हे बोलणार कोण?

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट बोधिसत्त्वाच्या ध्यानात आली. सोमक बांबू बुडवून वर काढी, पण ओल कुठवर चढली ते पाहतच नसे. तो मान वळवून भद्रकाचे तोंड पाही आणि मग ओरडे, "खोल आहे!"

बोधिसत्त्व त्याच्याजवळ गेला. "सोमका, इथं पाणी किती?"

सोमकाने मागे पाहिले. मग हळूच विचारले, "किती म्हणू, धनी?"

बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, त्याच्या डोक्यात तिडीक गेली. वल्ही थांबवून तो नेसत्या वस्त्रांनिशी गंगेत उतरला. पाणी जेमतेम कमरेला लागले. पुढेच वाळूचा उंचवटा होता आणि त्यापलीकडे नदीची ओढ. नाव तिथे फुटली असती आणि अठरा माणसे ओढीला लागली असती.

"मला आधी का नाही सांगितलंस?" तो ओरडला.

"सांगितलं होतं, धनी. भद्रक आला त्या पहिल्या वर्षी, दोनदा. तुम्ही म्हणालात, भद्रक जाणता आहे, जरा जुळवून घे."

बोधिसत्त्वाला ते आठवतही नव्हते. त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्याने भद्रकाला सुकाणू सोडून काठावर उतरायला सांगितले.

"एका बांबूवाल्यापायी एवढं?" भद्रक म्हणाला. "मी उतरलो तर जत्रा उठल्यावर पोचाल."

"मग जत्रा उठल्यावर पोचू. तू उतर."

आणि खरोखरच नाव उशिरा पोचली. मीठ पडून राहिले, पावसात निम्मे विरघळले, बाकीचे व्यापारी पोट धरून हसले. सुकाणू आता बोधिसत्त्व स्वतः धरी, आणि वाईट धरी. सोमक तरीही कितीतरी दिवस आधी त्याचेच तोंड पाही. मार थांबला तरी पाठ लगेच विसरत नाही. दोन महिन्यांनी एकदा तो खेकसला, "दीडच हात! डावीकडं घ्या, धनी, दिसत नाही का?" शिवी खाऊनही इतका खूश झालेला मालक त्या नदीवर दुसरा नसेल.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात सांगितली, तेव्हा ज्येष्ठ भिक्षू स्थविर लोहितक समोरच बसला होता. त्याच्या हाताखालून त्या वर्षी पाच श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, निघून गेले होते.

शास्ता म्हणाला, "तेव्हाचा भद्रक तो आजचा लोहितक. सोमक तो भिक्षू धम्मिल, जो अजून विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि माल पोचतो म्हणून तीन वर्षे गप्प बसलेला व्यापारी, तो मीच. त्या जन्मी मी करुणा शिकलो, पण पाण्यात उतरल्यावर. तुम्ही ती काठावर असतानाच शिका."