चंद्रीच्या शिंगावरची साळुंकी

त्या राज्यात म्हातारी, लंगडी, आंधळी जनावरं माळाच्या एका कडेला राहत आणि पाणी होतं दुसऱ्या कडेला. असं कोणी ठरवलं, हे विचारायचं नाही. दरबार पाण्याशेजारीच भरे, आणि तिथं कुणाला तहान लागत नसे.

चंद्री म्हैस दोन्ही डोळ्यांनी आंधळी. रोज सकाळी मंजी साळुंकी तिच्या शिंगावर बसून वाट सांगे. वाटेत एक कोरडी, बिनकठड्याची विहीर होती. तिथं आलं की मंजी दोनदा ओरडे, "डावीकडं घे आत्ते, डावीकडं." चंद्रीही गप्प बसणारी नव्हे. तुझ्या वजनानं शिंग वाकलं माझं, जरा कमी खात जा, असं तिला पाण्यापर्यंत डिवचत राही. माळावरच्या बाकीच्या आंधळ्या त्यांच्या मागोमाग चालत.

सकाळ ही दाणे टिपायची वेळ. ती अशी गेल्यावर पिलांनी काय खावं? म्हणून दरबारातून मंजीला मूठभर ज्वारी मिळे. तिला सेवेचं अनुदान म्हणत. राजाच्या ताटाबाहेर याहून जास्त सांडे, पण पिलं तेवढ्यावर जगत.

मग या अनुदानाच्या खात्यावर मोर आला. मोर विद्वान होता. निदान पिसारा तरी तसा होता. चार बगळे सोबत घेऊन तो पाहणीला निघाला. त्याच्या स्वागतात सगळी सकाळ गेली आणि चंद्री कोरड्या घशानं रांगेत उभी राहिली.

"वर्षभरात किती आंधळ्यांना दिसायला लागलं?" मोरानं विचारलं.

मंजीला वाटलं, मोठे लोक थट्टा करताहेत. ती हसली. मोर हसला नाही.

"दिसायला कुणालाच लागलं नाही, साहेब. पण विहिरीत कुणी पडलं नाही."

"जे घडलंच नाही, ते दरबाराला दाखवायचं कसं? आंधळे होते तेवढेच आहेत. मग ज्वारी गेली कुठं?"

चंद्रीला राहवलं नाही. "साहेब, तुमच्या पिसाऱ्यावर म्हणे शंभर डोळे आहेत. दोन इकडं द्या, तुमचं काम लगेच होईल."

बगळ्यांनी हसू लपवायला माना पंखात घातल्या. ज्वारी त्याच दिवशी बंद झाली.

मंजीनं चंद्रीला बजावलं, की आधी पिलांचं पोट बघते, मग येते. तोवर पाय उचलायचा नाही. चंद्री म्हणाली, "ये सावकाश. मला कुठं लग्नाला जायचंय?"

काही दिवस ती झाडाखाली तिची वाट बघत थांबली. उन्हाळा वाढला, दाणे दुर्मिळ झाले, मंजीला यायला उशीर होऊ लागला. एका दुपारी वाऱ्यानं पाण्याचा वास आणला आणि चंद्री त्या वासाच्या दिशेनं सरळ चालू लागली. मंजी आली तेव्हा झाडाखाली फक्त खुरांचे ठसे होते. ते कुठंही डावीकडं वळले नव्हते. बाकीच्या आंधळ्याही त्या उन्हाळ्यात एकेक करून अशाच सरळ गेल्या.

पुढच्या वर्षी मोर आला. सगळा माळ फिरला, आंधळं एकही सापडलं नाही. त्याचा पिसारा आपोआप फुलला. इतकं मोठं काम कुणी केलं, असं त्यानं विचारलं.

मंजीनं चोचीनं विहीर दाखवली.

मोरानं विहिरीच्या काठाला झेंडूचा हार घातला आणि वर्षभर अडवलेली ज्वारी मानानं आत ओतली. खोल खाली ती हाडांवर वाजली. बगळ्यांना वाटलं, टाळ्या सुरू झाल्या. त्यांनीही पंख वाजवले.